हळदीचं पहिलं पाणी

शेवंतीमळ्यात ज्याचं तोंड गोटीराम विधात्यानं कधी ना कधी फोडलेलं नाही असा गडी नव्वदच्या सालांत शोधूनही सापडला नसता. आणि संधी मिळताच ज्यानं गोटीरामला मागून दगड घातला नाही, असाही. पण पोलिसात कुणी जात नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी यायचं ते गोटीरामच्याच हातून.

तो पाणीखात्यात व्हॉल्व्हमन. लोकांच्या तोंडी 'पाणी सोडणारा'. नाशिकच्या उत्तर अंगाला जिथं पूर्वी नजर जाईल तिथवर शेवंती, गुलाब, पालक आणि कोथिंबीर होती, तिथं बघता बघता प्लॉट पडले. विहिरी बुजल्या, त्यांच्यावर बंगले उभे राहिले. ज्यांच्या आज्यांनी मोटेनं पाणी ओढलं ते माळी प्लास्टिकचे हंडे मांडून खात्याच्या नळाकडं तोंड करून बसायला लागले. त्यात माळ्यांची जुनी आळी चढावर आणि नवे बंगले उताराला. पाणी आधी उताराला पळणार, त्याला कुणाचा बाप कोण ते कळत नाही. चढावर पाणी न्यायचं तर खालचे व्हॉल्व्ह दाबून धरावे लागत. गोटीराम ते दाबून धरी, आणि बंगलेवाल्यांच्या शिव्या खाई. त्यासाठी त्याच्याकडं कमरेएवढी लोखंडी चावी होती. वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. चेंबरात घालायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि अंगाच्या जोरानं फिरवायची. पाणी वाटायचं हत्यार ते, आणि अंगावर आलेल्याला आडवा करायचंही तेच.

देवळ्याकडचा एक कांद्याचा व्यापारी बंगला बांधून राहायला आला. त्यानं थेट लाइनीलाच मोटार लावली. वरच्या आळीत नळ नुसते फुसफुसू लागले. गोटीराम फाटकावरून उडी मारून आत शिरला, मोटार उपटली आणि गटारात फेकली.

"आमनी मोटार शे ती!" व्यापारी ओरडला.

"मोटार तुमनी शे, भो. पाणी समद्यांचं शे," गोटीराम म्हणाला, आणि वळला. तेवढ्यात व्यापाऱ्याच्या थोरल्या पोरानं त्याच्या पाठीत क्रिकेटची बॅट घातली. बॅट मोडली. मग गोटीरामनं त्या पोराचे पुढचे दात पाडले, धाकट्याचा खांदा उतरवला, आणि स्वतःच्या डोक्याला खोक घेऊन घरी गेला.

"डोकं हाय का ढोल हाय ते?" बायको सखुबाई जखमेत हळद दाबत म्हणाली. "जो उठतो तो वाजवून जातो."

"आळीत पाणी आलं ना?"

"आलं."

"मग दाब हळद."

त्याआधी तो शुद्धीकरण केंद्रावर होता. गंगापूर धरणाचं पाणी तिथं येई. तुरटीनं गाळ खाली बसवायचा, वाळूतून पाणी गाळायचं, मग क्लोरीनचा वायू सोडायचा. एका फिटरच्या कानफटात दिली म्हणून तिथून त्याची बदली झाली. पण तिथलं एक त्याच्या अंगात मुरलं होतं. आळीतल्या बाया तक्रार करत, "गोटीराम भाऊ, चहा फिनेलवानी लागतो." तर तो म्हणे, "वास येतोय तवर बिनघोर प्या. वास गेला का मला सांगा, मंग मी कुणाचं तरी डोस्कं फोडतो."

आळीत लग्न निघालं की हळदीच्या सकाळी बायका वाजतगाजत पाण्याला जात. पूर्वी विहिरीवर. विहीर बुजली, रीत राहिली. आता मिरवणूक आळीच्या तोंडाशी सार्वजनिक नळावर येई. तोटीला हळदकुंकू, तोटीला गजरा. संबळ थांबे. शेजारच्या चेंबरात गोटीराम चावी फिरवी, आणि त्या सकाळचं पहिलं पाणी, कुणाचं तोंड न लागलेलं, थेट कलशात पडे. त्यानंच नवरीला किंवा नवरदेवाला न्हाऊ घालायचं, त्यातच हळद कालवायची, उरलेलं घरच्या बायकांनी तीर्थ म्हणून प्यायचं. पाणी सोडल्याबद्दल गोटीरामला टोपी, उपरणं आणि कपाळाला टिळा. वर्षभर दगड खाणाऱ्या माणसाच्या त्या एका सकाळी बाया पाया पडत. त्याला ते फार आवडे. टोप्यांची थप्पी त्यानं घरात देवाच्या फळीवर रचून ठेवली होती.

खात्याची रीत मात्र नेमकी उलटी. बंद पडलेल्या लाइनीतलं पहिलं पाणी कुणाला द्यायचं नाही. लाइन रिकामी झाली की सांध्याफटींतून शेजारची घाण आत ओढते. म्हणून ते पाणी आधी गटारात सोडायचं, निवळलं की मगच नळाला. गोटीरामला हे पाठ होतं. पण लग्नाच्या सकाळी तो ते विसरल्यासारखं करी. रोजची वाहती लाइन असे, निभावून जाई.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात नाल्याखालचा सांधा गेला. लाइन बंद ठेवून खात्यानं खोदकाम केलं. ओव्हरसियर महेश कुलथे म्हणून होता. नवीन, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्यानं संध्याकाळी गोटीरामला बजावलं, "सांधा झालाय, पण लाइन धुतलेली नाही. उद्या धुऊ, औषध टाकू, तपासू. तोवर आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही. टँकर पाठवतो."

"नाय उघडत, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी संबळ वाजत आळीच्या तोंडाशी आलं. लग्न होतं सावळीराम मौल्याच्या लेकीचं, योगिनीचं. सावळीराम म्हणजे सखुबाईचा सख्खा भाऊ. मिरवणुकीत पुढं सखुबाई ताट घेऊन. तिच्यामागं सावळीरामची सून छाया, सातव्या महिन्याचं पोट सावरत, डोक्यावर रिकामा कलश.

"दादा, लाइन धुतली नाय," गोटीराम म्हणाला. "टँकर येतोय."

"टँकरच्या पाण्यानं माझ्या लेकीला हळद लावू, दाजी?" सावळीरामचा आवाज चढला. "रोगराईच्या गावात फिरतो तो टँकर. कलशभर सोडा ना! धुवा नंतर काय धुवायचं ते."

"साहेब नाय म्हणलाय."

"साहेबाच्या घरात दिलीय का माझी बहीण?"

लताबाई म्हणून आळीतली एक तोंडाळ बाई होती. ती ताटातली टोपी उचलून हलवत म्हणाली, "पाणी नाय तर ही टोपी माघारी न्यायची का, गोटीराम भाऊ? का साहेबालाच घालू?"

बाया हसल्या. सखुबाई हसली नाही. तिनं नुसतं नवऱ्याकडं पाहिलं. माहेरच्या दारात तिची मान खाली जाणार होती, एवढंच त्याला त्या नजरेत दिसलं. त्यानं चावी चेंबरात घातली.

तोटी आधी खोकली. मग थुंकली. मग पाणी आलं, तांबूस-पिवळं.

"अगं बाई, हळद आधीच कालवून आली की!" लताबाई म्हणाली, आणि सगळी आळी खदखदून हसली. गोटीरामसुद्धा हसला. कलश भरला. पाणी आलंच आहे तर भरू द्या म्हणून मागं हंड्यांची रांग लागली. त्यानं व्हॉल्व्ह उघडा ठेवला. डोक्यावर टोपी होती, कपाळाला टिळा होता.

दुपारी महेश कुलथे आला तेव्हा व्हॉल्व्ह बंद होता आणि गोटीराम जेवणावळीत वाढत होता.

पाऊस लागला आणि आळी पिवळी पडायला लागली. आधी लताबाईच्या नातवाचे डोळे. मग घरटी एक, घरटी दोन. लघवी चहासारखी, अन्नाचा वास सोसवेना. मोठी माणसं पथ्यपाण्यावर उठून बसत होती. पोटुशीला कावीळ काय करते ते आळीला माहीत नव्हतं. छायानं तीर्थ प्यायलं होतं. तिचे डोळे पिवळे झाले, मग तळहात, मग ती ओळख विसरली. नवऱ्याला, संतोषला, ती 'कोण तुम्ही, बाजूला व्हा' म्हणायला लागली. दवाखान्यात तिचं पोटातलं पोर आधी गेलं आणि मागोमाग ती.

तिची राख अजून गरम होती तेव्हा महेश कुलथे पाण्याचे नमुने घ्यायला बाटल्या घेऊन आळीत आला. यायला नको होतं, पण ते त्याचं काम. त्याला नळापाशीच धरलं. आधी शर्ट फाटला, मग कुणीतरी त्याच्या बाटल्या त्याच्याच कपाळावर फोडल्या. सावळीरामचा धाकटा भाऊ काळू त्याची मान गटाराशी दाबत ओरडत होता, "पी! पी तुझ्या खात्याचं पाणी! पी, भाडखाऊ!" त्याचं नाक चिखलात गेलं होतं. पाय झाडत होता. पाच-पंचवीस माणसं, आणि जो तो आपल्या वाट्याचं मारायला वाकत होता.

गोटीराम वरच्या व्हॉल्व्हवरून धावत आला. दोघांना चावीनं आडवं केलं, काळूच्या पेकाटात लाथ घातली, आणि ओव्हरसियरला चिखलातून ओढून मागं टाकलं.

"त्याला सोडा," तो म्हणाला. दम लागला होता. "साहेब नाय म्हणला व्हता. लाइन धुवायची ऱ्हायली व्हती. व्हॉल्व्ह म्या उघडला."

कुणाला आधी कळलंच नाही.

"हळदीच्या सकाळी," तो म्हणाला. "तुमच्यासमोर. म्हायती असून उघडला."

त्यानं चावी जमिनीवर टाकली. ती त्यानं का टाकली ते पुढं सखुबाईनं त्याला किती वेळा विचारलं.

चावी संतोषनं उचलली. त्याच्या डोक्याचे केस नुकतेच उतरवलेले, अंगावर सुतकाचं धोतर. पहिला घाव मांडीवर बसला. दुसरा गुडघ्यावर, आणि ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. गोटीराम पडला. मग सगळ्यांनाच हात मोकळे झाले. ज्यांचे दात त्यानं पाडले होते ते आले. ज्यांना त्यानं पाणी दिलं होतं तेही आले. सखुबाई आडवी पडली त्याच्यावर, तर तिच्या भावानं, सावळीरामनं, तिला केसांना धरून फरफटत बाजूला नेलं. "तुला माहेर नाय आजपासून," तो म्हणत होता आणि रडत होता. संतोष फक्त मारत होता, पाणी उपसावं तसा, एका लयीत.

शेवटी गोटीरामला व्हॉल्व्हच्याच चेंबरात कोंबलं आणि वर झाकण ओढलं. आळी पांगली. महेश कुलथे आणि सखुबाई, एकाच्या कपाळातून रक्त, दुसरीचं डोकं उघडं, दोघांनी मिळून ते झाकण सरकवलं. आत गोटीराम गुडघाभर पाण्यात बसलेला, तोंड वर करून.

पोलिस आले. गोटीरामनं जबाब दिला, "चेंबरात पाय घसरला." महेश कुलथेनं पण कुणाचं नाव घेतलं नाही. लाइन पुन्हा धुतली गेली, औषध टाकलं गेलं, पुढचे दोन-तीन पावसाळे आळीत पिवळं कुणी झालं नाही.

खात्यानं गोटीरामला घरी बसवला, चौकशी केली, पगार कापला आणि पुढं परत घेतला. पाय वाकडाच जुळला. दुसरीकडं बदली देऊ म्हणाले. तो नाही म्हणाला. त्याच आळीत, तोच व्हॉल्व्ह. लोक त्याच्याशी बोलत नसत. पण पाणी येताना त्याचा लंगडा पाय ऐकू आला की हंडे मांडत.

आणि तेव्हापासून हळदीच्या सकाळी भांडण ठरलेलं. मिरवणूक आली, संबळ थांबलं, की गोटीराम पाणी आधी बाजूच्या तोंडातून गटारात सोडी. ओव्हरसियरकडून त्यानं एक काचेची नळी आणि औषधाची बाटली मागून घेतली होती. नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. नुसतंच पांढरं राहिलं तर ते प्यायचं नाही. तोवर नवरीच्या आईचा जीव खालीवर. पहिलं पाणी गटारात गेलं म्हणजे अपशकुन. एका नवरीच्या चुलत्यानं त्याच्या कानाखाली काढली, एका आजीनं अंगावर शेण टाकलं. कुणी टोपी दिली नाही. तो मागेपुढे पाहत नसे. मारायला आलेल्याला चावी दाखवी, आणि तरी आला तर हाणी.

दोन हजारच्या उन्हाळ्यात सावळीरामनं संतोषचं दुसरं लग्न जमवलं. मुलगी सायखेड्याची. पहिली सून गेलेली, म्हणून सावळीरामला या वेळी तसूभर काही चुकायला नको होतं. देवक, मुहूर्तमेढ, सगळं जिथल्या तिथं. आणि हळदीचं पहिलं पाणी, तेही चुकायला नको होतं. खालच्या मोठ्या लाइनीच्या कामापायी पाणी बंद राहून त्याच सकाळी सुटणार होतं. म्हणजे लाइन रिकामी. गोटीरामला ते ठाऊक होतं, सखुबाईला ठाऊक होतं. ती त्या सकाळी दारातून हलली नाही.

"जाऊ नका," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला पाठवा. एक दिवस."

"दुसरा उघडून मोकळा व्हईल."

"मारतील ते तुम्हाला."

"मारतील," तो म्हणाला, आणि चावी खांद्यावर टाकून निघाला. ती मागोमाग गेली.

संबळ आलं. सावळीराम पुढं, काळू त्याच्या मागं. तीन वर्षांत पहिल्यांदा सावळीराम बोलला, तेही दुसरीकडं बघत. "कलशात सोडायचं."

"आधी गटारात."

"ह्या कार्यात नाय. एकदा वाटोळं केलंस माझ्या घराचं."

"म्हणूनच," गोटीराम म्हणाला, आणि बाजूचं तोंड उघडलं. हवा फुत्कारली, आणि गटारात चहाच्या चोथ्यासारखं पाणी कोसळलं. बायांनी तोंडाला पदर लावले. सावळीराम कलश घेऊन वाकला, त्या धारेखाली धरायला. गोटीरामनं लंगड्या पायानं कलश उडवला. पितळ रस्त्यावर घरंगळत गेलं.

मग काळूनं वीट उचलली.

ती गोटीरामच्या कपाळावर बसली. कातडं फाटून डोळ्यांवर आलं. त्यानं आंधळेपणानं चावी फिरवली ती काळूच्या नडगीवर बसली, काळू केकाटत खाली गेला. दोघं-तिघं गोटीरामच्या पाठीवर चढले. तो चेंबराच्या कडेवर ओणवा, एका हातानं व्हॉल्व्ह धरून, आणि वरून बुक्क्या, चपला, नारळ. सखुबाईनं एकाच्या दंडाला चावा घेतला, तो सोडेना तर तिनं मांस तोडलं. संबळवाला पळाला. पाणी गटारात पडतच होतं.

आरडाओरड ऐकून संतोष मांडवातून आला. नवी बनियन, हातात कंकण, अजून हळद लागायची होती. माणसं बाजूला झाली. खाली पडलेली चावी त्यानं उचलली, आणि सगळ्यांना पुढचं माहीत होतं. गोटीरामनंही तोंड फिरवलं नाही. फक्त चांगला पाय मागं घेतला.

"मार," सखुबाई संतोषला म्हणाली. "पुन्हा मार. पण आधी मला."

संतोषनं गटाराकडं पाहिलं. तांबूस पाणी उसळत होतं. तो बराच वेळ ते पाहत राहिला. मग चेंबरात उतरला, चावी व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवली आणि अंगाच्या जोरानं आणखी फिरवली. पाण्याचा लोट आला, गटार भरून रस्त्यावर वाहायला लागलं, बायांचे पाय भिजले.

"अरे, मुहूर्त चाललाय!" सावळीराम किंचाळला.

"जाऊ द्या," संतोष म्हणाला.

"पहिलं पाणी गेलं, संत्या!"

"गेलं तर गेलं. आण्णा, आता तुम्ही मधी आला ना, तर तुम्हाला पण हाणीन."

सावळीराम रस्त्याच्या कडेला बसला. पाणी तांबूस होतं ते गढूळ झालं, गढूळ होतं ते निवळत गेलं. गोटीरामनं खिशातून नळी काढली. फुटली नव्हती. चाचपडत पाणी घेतलं, थेंब टाकले, वर धरली. पण डोळ्यांत रक्त उतरत होतं, पुसलं तरी पुन्हा येत होतं. त्यानं नळी हात लांब करून धरली.

"मला दिसंना. रंग कसा हाय?"

संतोष नळीकडं बघत उभा राहिला.

"पिवळा," तो म्हणाला.

"फिका का गडद?"

"फिका."

"मंग थांब अजून."

थांबले. काळू नडगी धरून कण्हत होता. ऊन चढलं, तोटीचा गजरा कोमेजला. गोटीरामनं पुन्हा नळी भरली, पुन्हा पुढं केली.

"आता?"

"गडद."

"भर."

संतोषनं रस्त्यात पडलेला चेमटलेला कलश उचलला, आधी धुतला, मग भरला आणि आईच्या हातात दिला. मिरवणूक संबळाशिवायच माघारी वळली. सावळीराम बहिणीकडं न बघता मागून गेला. संतोष चार पावलं जाऊन थांबला. मान वळवली नाही.

"मामा," तो म्हणाला, "डोकं बांधा. रस्त्यावर सांडतंय."